निवड झाली तर रजा मिळेल, एवढे आधी लिहून द्या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पालघर

महोदय,

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांपैकी एक बोईसरला होते आहे. या रेल्वेसाठी आपले अभियंते जपानला जाऊन शिकून आले आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, जनरल इलेक्ट्रिकने अणुभट्ट्या उभारल्या आणि १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे त्यांच्या हयातीतच युरोप-जपानपर्यंत पोचली. या किनाऱ्याला परदेश नवा नाही. तो अजून लांब आहे तो इथल्या पाड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे आणि बोईसरला राहतो. माझा स्वतःचा आता काही प्रस्ताव नाही. जे अजून फळ्यासमोर उभे आहेत त्यांच्यासाठी लिहितो आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुढे त्यांची फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या रजेचा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी स्वतः लक्ष घातले तेव्हा रजा मंजूर झाली. त्या वादात कोणाचे किती चुकले याची चर्चा मला करायची नाही. मला एवढेच दिसते की जगभर नाव झालेल्या शिक्षकाच्या रजेसाठी मंत्र्यांना बोलावे लागले. मोखाड्यातल्या किंवा तलासरीतल्या एखाद्या बाईंची उद्या अशी निवड झाली, तर त्यांच्यासाठी कोण बोलणार? हा विचार अर्ज भरण्याआधीच मनात येतो आणि अर्ज भरलाच जात नाही.

१९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. नियम आहे, पण तो वापरायची वाट मळलेली नाही. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि मग आपले टेबल, असा प्रस्ताव चढत जातो. एखाद्या टेबलावर त्रुटी निघाली की तो परत खाली येतो. परदेशी जाण्यासाठी ना हरकत दाखला लागतो, तो वेगळाच. तिकडच्या संस्थेची मुदत मात्र आपल्या टपालासाठी थांबत नाही.

परदेशी सरकारांच्या योजनांच्या अटीही आपल्या शिक्षकाला फारशा सोयीच्या नाहीत. फुलब्राइटचा एक सहा आठवड्यांचा कार्यक्रम माध्यमिक शिक्षकांसाठी आखलेला होता. आपले बहुसंख्य शिक्षक प्राथमिकचे. जपान सरकारची शिक्षक-प्रशिक्षण शिष्यवृत्ती सुमारे दीड वर्षाची असते. तिला पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि वय पस्तिशीच्या आत हवे असते. आपल्याकडे डी.एड. झाल्यावर भरतीची वाट पाहण्यात किती वर्षे जातात हे आपण जाणता. त्यानंतर शिक्षणसेवकाची तीन वर्षे. अनुभव पुरा होईतो पस्तिशी उलटलेली असते. शिवाय अशा योजना त्या त्या देशाच्या मर्जीने सुरू होतात आणि बंदही होतात. म्हणून जिल्ह्याची स्वतःची एक छोटी योजना असावी असे मला वाटते. पंजाबने २०२३ मध्ये मुख्याध्यापकांना सिंगापूरला आणि २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांना फिनलंडला पाठवले. तमिळनाडूने २०२४ मध्ये पंचावन्न शिक्षकांना फ्रान्सला नेले. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या परदेशी अभ्यासदौऱ्यांना कृषी विभाग अनुदान देत आला आहे. शेतकरी परदेशी शेत बघून आला तर आपल्या रानात काहीतरी करतो, हे सरकारला पटलेले आहे. शिक्षकाबद्दलही तेवढाच विश्वास असावा.

मात्र सिंगापूर आणि फिनलंड ही नावे आपण सवयीने घेतो. पालघरच्या शिक्षकाने तिथेच का जावे? आपल्या वर्गात काय आहे ते आधी बघू. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. घरात वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणारे मूल आणि हातात प्रमाण मराठीचे पुस्तक. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले आणि पावसाच्या तोंडावर परत आलेले मूल. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या वर्गात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुले. हे प्रश्न ज्यांनी सोडवायचा प्रयत्न केला त्यांच्याकडे आपण गेले पाहिजे.

कोलंबियात १९७० च्या दशकात विकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरातल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी ‘एस्क्वेला नुएवा’ ही पद्धत उभी केली. मुले लहान गटांत बसतात, स्वाध्याय-पुस्तिकांच्या आधाराने आपापल्या गतीने पुढे जातात आणि शिक्षक गटागटांतून फिरतो. शेतीच्या हंगामात गैरहजर राहिलेले मूल परत आले की जिथे थांबले होते तिथून सुरू करते. त्याला नापास करायची गरज पडत नाही. वीटभट्टीवरून परतलेल्या मुलाला विक्रमगडच्या शाळेत नेमके हेच हवे आहे. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी वडीलधारी माणसे बालवाड्यांत लहानग्यांशी माओरीतच बोलू लागली आणि १९८५ मध्ये पूर्ण माओरी माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली. घरची भाषा शाळेत आणायची तर पुस्तके कशी करायची, गावातल्या म्हाताऱ्यांना वर्गात कसे बसवायचे, हे त्यांनी चाळीस वर्षे करून पाहिले आहे. जपानमध्ये एक शिक्षक पाठ घेतो, बाकीचे मागे उभे राहून मुले कुठे अडली ते टिपतात आणि नंतर सगळे मिळून त्यावर बोलतात. आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे कोणत्याही खर्चाशिवाय होऊ शकते. पण ते एकदा डोळ्यांनी बघितलेला माणूस केंद्रात हवा.

वर्ग रिकामा राहील ही आपली काळजी रास्त आहे. द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक सहा आठवडे गेला तर दुसऱ्याचे हाल होतात, मुलांचे त्याहून जास्त. पण आपली उन्हाळी सुट्टी मे महिन्यात असते आणि जपान, न्यूझीलंडच्या शाळा मे महिन्यात भरलेल्या असतात. तीन आठवड्यांचा दौरा सुट्टीतच बसवता येईल. त्यापेक्षा मोठ्या कार्यक्रमासाठी कोणाची निवड झाली, तर बदली शिक्षकाची सोय आधी व्हावी.

अशा दौऱ्यांतून काही निघत नाही, असेही कोणी म्हणेल. दहाएक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या ज्ञानरचनावादी शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेले. काहींनी परत येऊन वर्गाची फरशी रंगवली आणि तिथेच थांबले. काहींच्या वर्गात मात्र मुले बोलू लागली, एकमेकांना विचारू लागली. फरक पडतो तो काय शोधायला गेलो यामुळे. म्हणून निवड करताना मुलाखतीत एकच प्रश्न विचारावा: तुमच्या वर्गातली कोणती अडचण घेऊन तुम्ही जाणार आहात?

बाहेरचा विचार आपल्या अडचणीसाठी वापरण्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या कामगार वस्तीत पहिले बालगृह काढले. तो विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्याकडे आला आणि १९४५ मध्ये ताराबाई व अनुताई वाघ यांनी तो बोर्डीत आणला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी त्याला इथला आकार दिला. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, माती घेतली. मुले शाळेत येईनात तर अंगणवाडी पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. या दोघी परक्या पद्धतीला शरण गेल्या नाहीत आणि तिच्याकडे पाठही फिरवली नाही. आजच्या शिक्षकाला तेवढीच मोकळीक हवी आहे.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो. तारापूरच्या कारखान्यांचा सामाजिक दायित्व निधी यासाठी मागावा असे कोणी सुचवेल, पण नियमांनुसार तो निधी भारताबाहेरच्या कामांवर खर्च करता येत नाही. तिकीट आणि मुक्काम जिल्हा परिषदेचा सेस आणि जिल्हा नियोजन समितीचा नावीन्यपूर्ण योजनांचा निधी यांतूनच व्हायला हवा. कंपन्यांकडून दुसऱ्या गोष्टी घ्याव्यात: शिक्षकांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग, परत आल्यावर शाळांत करायच्या कामाचा खर्च, बाहेरच्या तज्ज्ञ शिक्षकांना बोईसरला बोलावून घेतलेल्या कार्यशाळा.

आणि एक अट आपण जरूर घाला. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी शिक्षक परजिल्ह्यांतून आलेले आहेत आणि आंतरजिल्हा बदलीकडे डोळे लावून बसलेले असतात. त्यांना दोष देता येत नाही, घर तिकडे आहे. पण जिल्ह्याच्या पैशाने जो जाईल त्याने परतल्यावर ठरावीक वर्षे इथेच राहावे आणि जव्हार, मोखाड्यासह इतर केंद्रांच्या शिक्षण परिषदांत वर्ग घेऊन दाखवावेत. अहवाल लिहून कपाटात ठेवणे पुरेसे धरू नये.

योजना उभी राहायला वेळ लागेल. परिपत्रक मात्र या दिवाळीपूर्वी निघू शकते. त्यात एवढेच असावे: सरकारमान्य परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायला पूर्वपरवानगी लागणार नाही, निवड झाली तर रजा आणि ना हरकत दाखल्याचा निर्णय पंधरा दिवसांत होईल, त्रुटी असतील तर त्या एकाच वेळी कळवल्या जातील, आणि शिक्षण विभागातला कोणता कर्मचारी हे काम पाहील, त्याचे पदनाम. अर्ज भरायला मदत लागेल ती आम्ही निवृत्त मंडळी करू. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर बोईसरला बसायची आमची तयारी आहे. आपण एखाद्या केंद्रशाळेची एक खोली द्या.

आपला,
जिल्हा परिषदेचा एक निवृत्त शिक्षक
बोईसर