कवितेला श्रोते हवेत

आज २१ मार्च, जागतिक कविता दिन. युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस ठरवला, तेव्हा काव्यवाचनाची मौखिक परंपरा पुन्हा जागती करावी, हाही त्यामागचा एक हेतू होता. हवी ती कविता हवी तेव्हा मोबाइलवर वाचता येत असताना माणसे हातातली कामे टाकून सभागृहात का जमतात, याचा विचार आज करायला हवा.

मराठी कवितेचे कानाशी नाते जुने आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. घरातली-शेतातली कामे करता करता त्यांनी रचलेली कविता त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि आप्तांनी टिपून ठेवली आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ती पुस्तकरूपाने आली. छापली जाण्याआधी ती ऐकली गेली होती. १९२३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले. पुढे मुक्तछंद रुजला. ही कविता चालीत बसणारी नव्हती. तिला बोलता आवाज हवा होता. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी तो तिला दिला. विंदा इंग्रजीचे प्राध्यापक, बापट राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातले, पाडगावकर आकाशवाणीत काम केलेले. तिघांचे पिंड वेगळे, पण वर्षानुवर्षे ते एकत्र गावोगाव गेले आणि लोकांनी त्यांना मनापासून ऐकले.

त्या श्रोत्यांना पुस्तकात न मिळणारे काय मिळत होते? पहिली गोष्ट म्हणजे कवीचा श्वास. कवी कुठे थांबतो, कोणता शब्द हलकेच ठेवतो, कोणत्या शब्दावर सगळा भार देतो, हे छापील ओळ पूर्णपणे सांगू शकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. पुस्तकात अवघड कविता दिसली की पान उलटता येते. सभागृहात तसे करता येत नाही. कविता तिच्या गतीने येते आणि आपल्याला तिच्या गतीने चालावे लागते. या सक्तीत सुख आहे, कारण एरवी आपण कशालाच इतका वेळ देत नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शेजारचा माणूस. जी ओळ फक्त आपल्यालाच लागली असे वाटते, त्याच ओळीला शेजारच्या अनोळखी माणसाच्या तोंडून नकळत ‘वा!’ निघतो. आपले दुःख, आपला संताप आपल्या एकट्याचा नाही, हे त्या क्षणी कळते. गिरणीत राबलेल्या नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ मध्ये आला. सुर्वे कामगारांसमोर कविता म्हणत, तेव्हा ऐकणाऱ्यांत काव्यसंग्रह कधीच विकत न घेतलेली माणसेही असत. आपले जगणे कवितेत येऊ शकते, हे त्यांना सर्वांच्या सोबतीने ऐकायला मिळाले. एकट्याने वाचून हा आधार मिळत नाही. माणसे काव्यवाचनाला जातात ती मुख्यतः यासाठी.

म्हणूनच आजच्या कविसंमेलनांबद्दल तळमळीने बोलावेसे वाटते. सत्कार आणि भाषणे लांबतात, व्यासपीठावर कवींची रांग असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक कविता येते. नव्या कवींना व्यासपीठ मिळायलाच हवे. पण एका कवितेत कवी उलगडत नाही, आणि घाईत ऐकलेले मनात ठरत नाही. तीन-चार कवी, प्रत्येकाला अर्धा तास, दोन मिनिटांचे प्रास्ताविक, एवढे पुरे आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. गावातल्या वाचनालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग चालतो.

श्रोत्यांवरही जबाबदारी आहे. वेळेवर यावे, आपल्या ओळखीच्या कवीचे वाचन झाले म्हणून उठून जाऊ नये आणि आवडलेल्या कवीचे पुस्तक विकत घ्यावे. आज कविता दिनाचे संदेश पुढे पाठवण्याआधी आपल्या गावात काव्यवाचन कुठे आहे याची चौकशी करावी, जाताना घरातल्या एखाद्या तरुण मुला-मुलीला बरोबर न्यावे. आणि कुठेच नसेल, तर वाचनालयाच्या चिटणिसांना भेटून पहिली तारीख आपणच ठरवावी.