नेट बंद करून बघा, मगच पेस्ट करा

आयटी कंपन्यांत, कॉलेजांत, सायबर कॅफेत आणि सेवा केंद्रांत संगणकासमोर बसणाऱ्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. जेसन नीट मांडून देणारी, बेस६४ उलगडणारी, टोकन तपासणारी, पीडीएफचं कुलूप काढणारी फुकटची संकेतस्थळं आपण दिवसभर वापरतो. तिथे काहीही टाकण्याआधी ते जातं कुठे, एवढं बघा. बघायला मिनिटभर लागतं. न बघितल्याचा भुर्दंड मात्र बहुतेक वेळा भलत्यालाच पडतो: ज्याचा आधार क्रमांक, ज्याचं बँक खातं, ज्याचा आजार त्या मजकुरात होता, त्याला.

ही नुसती भीती नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉचटॉवर या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जेसनफॉर्मॅटर आणि कोडब्युटिफाय या दोन लोकप्रिय संकेतस्थळांवर लोकांनी ‘सेव्ह’ केलेला मजकूर गोळा केल्याचं जाहीर केलं. ८० हजारांहून अधिक फायली, ५ जीबीच्या वर. त्यात डेटाबेसचे पासवर्ड होते, क्लाउडच्या चाव्या होत्या, लोकांची खासगी माहिती होती. टाकणाऱ्यांत बँका, सरकारी यंत्रणा, आरोग्य क्षेत्रातल्या संस्था आणि चक्क सायबर सुरक्षा कंपन्यांतली माणसंही होती. हे मिळवायला कुणाला कुठे घुसखोरी करावी लागली नाही. ‘सेव्ह’ दाबलं की लिंक तयार व्हायची आणि ताज्या लिंकांची यादी सगळ्यांना उघडी होती. संशोधकांनी मुद्दाम खोट्या चाव्या तिथे ठेवल्या, लिंकची मुदत २४ तासांची ठेवली. ४८ तासांनी कुणीतरी त्या चाव्या लावून बघितल्याच. म्हणजे मुदत संपली तरी मजकूर कुणाच्या तरी हाती राहिलेला होता, आणि असा मजकूर वेचणारे आधीपासून तिथे बसलेले होते.

फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलून देणाऱ्या फुकट संकेतस्थळांबद्दल अमेरिकेच्या एफबीआयनेही मार्च २०२५ मध्ये इशारा दिला आहे. त्यातली काही संकेतस्थळं काम करून देतात, पण सोबत घातक सॉफ्टवेअर पाठवतात किंवा फाइलमधली माहिती उपसून घेतात.

मग ही साधनं वापरूच नयेत का? जरूर वापरा, पण निवडून. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं सायबरशेफ घ्या. एन्कोडिंग, एन्क्रिप्शन, हॅश, डेटाचं विश्लेषण, सगळं तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, सर्व्हरकडे काही जात नाही. झिप फाइल उतरवून घेतली की नेटशिवायही ते चालतं. तरी एक मेख लक्षात ठेवा. तुम्ही टाकलेला मजकूर त्याच्या पत्त्यातच, म्हणजे वरच्या लिंकमध्ये, जाऊन बसू शकतो. ती लिंक ग्रुपवर टाकली की मजकूरही गेला.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. मोडीतलं पत्र मोडी येणाऱ्याला वाचता येतं, तसं बेस६४ कुणालाही उलगडता येतं. त्याला किल्ली लागत नाही. लॉगिनच्या जेडब्ल्यूटी टोकनमधला मजकूरही सहसा असाच उघडा असतो. मोबाइल नंबरांचा एमडी५ हॅश काढून ‘डेटा सुरक्षित केला’ म्हणणाऱ्यांनीही हिशेब करावा: भारतीय मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजारो कोटी एमडी५ काढतं, म्हणजे सगळे नंबर क्षणात ताडून बघता येतात.

म्हणून आजपासून एवढं करा.

१. खासगी विंडोत संकेतस्थळ उघडा, नेट बंद करा आणि खोटा मजकूर टाकून बघा. काम झालं नाही, तर ते तुमचा मजकूर सर्व्हरकडे पाठवतं असं धरून चाला. झालं, तर खरं कामही नेट बंद ठेवूनच करा आणि विंडो बंद केल्यावरच नेट सुरू करा.

२. ‘सेव्ह’ किंवा ‘शेअर’ दाबू नका.

३. चूक शोधायला खरा डेटा क्वचितच लागतो. नावं, नंबर, पासवर्ड बदलून मगच पेस्ट करा.

४. प्रवेशाच्या आणि भरतीच्या दिवसांत आधार, जातीचा दाखला, मार्कशीट अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका. फोटोचा आकार फोनवर किंवा संगणकावरच कमी करता येतो. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. तो माहीत असताना कुलूप काढायला परक्याकडे जायचं कारण नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तर हा नियम भिंतीवर लावावा, कारण तुमच्या हातात गावाचे कागद असतात.

५. टीम लीड आणि शिक्षकांनो, नुसती बंदी घालू नका. काम अडलं की माणूस पळवाट शोधतोच. सायबरशेफची ऑफलाइन प्रत प्रत्येक संगणकावर टाकून द्या. वैयक्तिक माहिती जपण्यात हयगय झाली, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि आधीच काही टाकून बसला असाल, तर लिंक पुसून भागणार नाही. पासवर्ड बदला, चाव्या रद्द करून नव्या काढा, कंपनीच्या सुरक्षा विभागाला आजच सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. आधार गेलं असेल, तर बायोमेट्रिक लॉक करा. पैसे गेले, तर लगेच १९३० वर फोन करा.

आत्ताच ब्राउझरची हिस्टरी उघडा. गेल्या महिन्याभरात अशा कुठल्या संकेतस्थळांवर गेलात आणि तिथे काय टाकलंत, ते कागदावर लिहा. त्यातला प्रत्येक पासवर्ड आज झोपण्यापूर्वी बदललेला असू द्या.