ग्रंथालयाची पायरी



कष्टकरी माणसाला आयुष्यात किती पायऱ्या चढाव्या लागतात! तलाठ्याची, तहसीलीची, दवाखान्याची, बँकेची. पहिल्या वेळी पाय अडखळतो. पुढे सवय होते, कारण काम अडलेले असते. ग्रंथालयात मात्र आपले काहीच अडत नाही, असे आपण धरून चालतो. म्हणून तिथे आपण जात नाही आणि त्या पायरीची भीतीही जात नाही. आज त्या भीतीविषयी बोलायचे आहे.

मध्यंतरी आमच्या कार्यालयात गिरड गावाविषयी टिपणी तयार करण्याचे काम निघाले. समुद्रपूर तालुक्यातले हे आमचे गाव टेकडीवरच्या ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे दूरवर माहीत आहे. गावाचा जुना छापील उल्लेख साहेबांना टिपणीत हवा होता. मध्य प्रांताचे एक इंग्रजी गॅझेटियर १८७० साली चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केले, त्यात तो मिळेल असे कळले. फोनवर शोधू म्हटले, तर साहेब म्हणाले, "फोनवरचं नको. मूळ पुस्तक पाहून उतरवून आणा." पुस्तक शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात होते. कार्यालयाचे पत्र घेऊन आम्ही सकाळच्या एस.टी.ने निघालो.

आम्ही बी.कॉम. झालेले. इतकी वर्षे कारकुनी केली, मोर्चे काढले, अधिकाऱ्यांपुढे निवेदने वाचली. तरी त्या इमारतीसमोर छातीत धडधडले. दारावरच्या माणसाने आमच्या चपलांपासून पिशवीपर्यंत नजर फिरवली. "काय पाहिजे?" पत्र दाखवले. आत काउंटरवर बसलेल्या गृहस्थांनी ते वाचले. पत्रावर शिक्का होता, सही होती. तरी त्यांनी विचारले, "पूर्ण नाव?" सांगितले. "म्हणजे तुम्ही कुठले?" "गिरडचे." "तसं नाही हो, म्हणजे..." आणि वाक्य अर्धेच सोडले.

ते अर्धे वाक्य पुरे करून सांगण्याची या पानाच्या वाचकांना गरज नाही. आम्ही पत्र पुन्हा त्यांच्यापुढे सरकवले आणि म्हटले, "पुस्तकाचं नाव दुसऱ्या ओळीत आहे."

तासभर बसल्यावर पुस्तक आले. पाने पिवळी पडलेली, हात लावायला भीती वाटावी अशी. झेरॉक्स मिळणार नव्हती, पेन्सिलीने उतरवून घ्यायचे होते. आम्ही 'गिरड' शोधू लागलो, पण नोंद दिसेना. शेजारी स्पर्धा परीक्षेची पुस्तके मांडून एक मुलगी बसली होती. तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर बाबासाहेबांचे चित्र चिकटवलेले होते. ती हळूच म्हणाली, "काका, जुन्या इंग्रजीत आपल्या 'ड'ला पुष्कळदा 'आर' लिहायचे. 'गिरार' पाहा." पाहिले, तर खरेच गिरार!

टेकडीवर सापडणारे सुपारी-नारळासारखे गोल दगड गिरडच्या प्रत्येक पोराने हातात घेतलेले असतात. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल साधूने दगड करून टाकला, अशी त्यांची गोष्ट आमची आजी सांगायची. तीच गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकात छापलेली होती. आजीला अक्षर येत नव्हते. आले असते तरी तिच्या तरुणपणी तिला त्या दालनात कोणी बसू दिले असते काय?

निघताना आम्ही त्या मुलीला विचारले, "बेटा, तुला इथे भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "पहिल्या दिवशी मलाही नाव-गाव विचारलं होतं. आता नाही विचारत. मी रोज येते ना!" तिचे वडील धान्याच्या बाजारात हमाली करतात. घर एका खोलीचे. अभ्यासाला जागा नाही, म्हणून ती सकाळी डबा घेऊन येते आणि दिवे लागेपर्यंत बसते.

रोज येते ना! या तीन शब्दांत आपल्या चळवळीचा एक मोठा धडा आहे. आठवून पाहा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडे झाले, पण पाणी प्यायला कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. हक्क कागदावर लिहिला जातो, पण तो चालू होतो तो आपल्या पायांनी.

ग्रंथालय हेही तळेच आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सरकारी पैशावर चालणाऱ्या, लोकांच्या वापराच्या इतर जागाही येतात. तिथे जातीवरून कोणाला अडवता येत नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि मान्यताप्राप्त ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. ते अनुदान कोणाच्या खिशातले? साबणाची वडी घेतली तरी आपण कर भरतो. त्या कपाटांत आपलाही पैसा आहे.

ग्रंथालय माणसाला काय देते, हेही बाबासाहेबांच्याच आयुष्यात पाहावे. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून ते १९१७ साली बडोदा संस्थानात नोकरीला गेले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून फायली टाकत. प्यायला पाणी मिळेना. पारशांच्या सराईत आसरा घेतला, तर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून अमेरिकेचे विल्यम बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले होते. कचेरीत काम नसे तेव्हा बाबासाहेब ग्रंथालयात जाऊन वाचीत बसत, असे चरित्रात नोंदले आहे. ज्या शहरात त्यांना पाठ टेकायला जागा मिळाली नाही, त्या शहरात वाचायला जागा मिळाली!

आता कामाच्या चार गोष्टी. ग्रंथालयात जाताना ओळखपत्र, वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. वर्तमानपत्रे वाचायला सहसा सभासद व्हावे लागत नाही. घरी पुस्तक न्यायचे असेल तर वर्गणी आणि अनामत किती, ते विचारून घ्या. पावती मिळेल ती जपून ठेवा. पुस्तक सापडत नसेल तर लाजू नका. लेखकाच्या, पुस्तकाच्या किंवा विषयाच्या नावाने यादीत शोधता येते. बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठीवर आकडे असतात. साधारणपणे तीनशेच्या घरात समाज आणि कायदा, नऊशेच्या घरात इतिहास आणि भूगोल. दोन-तीन फेऱ्यांत हे सारे तोंडपाठ होते.

पहिल्यांदा काय मागावे? राज्य शासन १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढीत आले आहे. त्यातला एक मागा. मुलांसाठी बालविभाग कुठे आहे ते विचारा. कोणी विनाकारण अडवले तर भांडू नका, पण परतही फिरू नका. कारण लेखी मागा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतो, त्याच्याकडे अर्ज करा. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोराला बसवा. तेवढ्यासाठीच तर त्याला शिकवले आहे.

माय-बहिणींना विशेष सांगणे आहे. दिवसभर राबून वाचायला वेळ कुठला, हे तुमचे म्हणणे खरे आहे. पण मुलांना बाजारात नेता, जत्रेला नेता, तसे महिन्यातून एकदा ग्रंथालयात न्या. तुम्ही नुसत्या बाकावर बसून राहिलात तरी चालेल. आई जिथे बसते ती जागा मुलाला परकी वाटत नाही. लहानपणी जे पोर त्या पायरीवर खेळले, ते मोठेपणी तिथे अडखळणार नाही.

एकेकट्याने जायला संकोच वाटत असेल तर चौघे मिळून जा. वंदनेनंतर विहारात तारीख ठरवा, ग्रंथालय त्या दिवशी उघडे आहे का ते आधी विचारा, आणि निघा. एकदा जाऊन थांबू नका. पुन्हा जा, पुन्हा पुन्हा जा. तुमचे नाव विचारायचे त्यांनाच सुचू नये, इतक्या वेळा जा.

जयभीम.