पन्नास पानं तरी वाचा

'गोष्ट काही पुढेच सरकत नाही,' असं म्हणून कितीतरी चांगल्या कादंबऱ्या वीस-पंचवीस पानांतच वाचनालयात परत जातात. त्यांत बायकांनी लिहिलेल्या बऱ्याच असतात. माझी विनंती एवढीच, की परत करण्याआधी जरा थांबा आणि बघा, ही गोष्ट सांगतंय कोण?

आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट लग्नाच्या मांडवात संपते. त्यानंतर त्या बाईचं काय झालं, हे सांगायला तिच्यात जागाच नसते. ज्या लेखिकांना नेमकं तेच सांगायचं होतं, त्यांना गोष्टीची बांधणीच बदलावी लागली.

1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. लेखिका विभावरी शिरूरकर, म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर. टोपणनाव घेऊनच हे लिहिता आलं आणि तरी गदारोळ व्हायचा तो झालाच. त्यातल्या एका कथेचं नाव आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' शिकलेल्या, मिळवत्या मुलीचा हा सवाल. मुलगी नोकरी करते याचं तोवर कौतुक तरी व्हायचं नाहीतर टवाळी. इथे ती स्वतः हिशेब मागते.

गौरी देशपांडे यांच्या 'एकेक पान गळावया'मध्ये तीन दीर्घकथा आहेत. त्यांच्या नायिका बहुतेकदा संसारात मुरलेल्या, म्हणजे जुनी गोष्ट जिथे थांबते तिथून त्यांची सुरू होते. कमल देसाईंच्या 'हॅट घालणारी बाई'तल्या नायिकेला सिनेमा काढायचाय. तिथे वास्तव कुठे संपलं आणि कल्पना कुठे सुरू झाली, हे शोधत बसू नका, वाचत राहा. कविता महाजनांच्या 'ब्र'मध्ये पंचायतीत निवडून आलेल्या बायका आहेत. राखीव जागेवर बाई निवडून आली, हे एका ओळीत सांगून होतं. सभेत तिला बोलू देतात का, हे सांगायला अनेकींचे अनुभव लागतात.

हिंदी वाचत असाल तर गीतांजली श्रींची 'रेत समाधि' घ्या. हिच्या इंग्रजी अनुवादाला 2022 चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. नवरा गेल्यावर ऐंशीची आई भिंतीकडे तोंड करून पडून राहते. घरचे हाका मारून थकतात आणि आपल्यालाही कितीतरी पानं तिची पाठच दिसते. कंटाळा येतो? यायलाच हवा. जन्मभर हाकेला ओ देणारी बाई आता देत नाहीये, हे त्या संथपणातूनच कळतं. चार ओळींत उरकलं असतं, तर तिचा नकार आपल्याला जाणवलाच नसता.

आता 'कोसला' ही पुरुषाने लिहिलेली कादंबरी आठवा. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर मनाला येईल तशी गोष्ट सांगतो, मध्येच रोजनिशी घुसवतो आणि आपण म्हणतो, काय शैली आहे! बाईने तसंच केलं की म्हणतो, पसरट आहे. बाईने 'मी' म्हणून लिहिलं की लगेच कुजबुज सुरू होते, 'हे तिचंच असणार.' ही सवय सोडा. तिच्या घरात डोकावू नका, पुस्तकात डोकावा.

वाचायचं कसं? सुरुवात लांबलचक कादंबरीपासून करू नका, दीर्घकथा घ्या. पहिली पन्नास पानं एका बैठकीत वाचा. दुपारी चार, रात्री दोन अशी पानं वाचली तर धागा हातातून सुटतोच. एखादं पान अडलं तर मोठ्याने वाचा. सांगणारीचा सूर कानाला लागला की पुढचं सोपं जातं. भिशीत, वाचक मंडळात एकच पुस्तक चौघींनी, चौघांनी वाचा आणि भांडा. आणि पुरुषमंडळींनो, 'बायकांचं पुस्तक' म्हणून ते बाजूला सारू नका. त्यात तुमच्याच घरातलं लिहिलंय.

पन्नास पानांनंतरही नाही रुचलं तर खुशाल सोडून द्या. वाचकाचा तो हक्कच आहे. पण रुचलं, तर वाचनालयात जाऊन त्याच लेखिकेचं दुसरं पुस्तक मागा. नसेल तर सूचनावहीत नाव लिहा. एकट्याची मागणी विसरली जाते, दहा जणांनी लिहिलं तर पुस्तक घ्यावंच लागतं.