कारच्या लायसन्सवर मिनीबस चालवता येते का?

अष्टविनायकाला निघालेली १७ सीटर. चालकाकडे फक्त एलएमव्ही, म्हणजे कारचं लायसन्स. अपघात झालाच तर विमा कंपनी भरपाई देणार, की लायसन्सकडे बोट दाखवणार?

याच मुद्द्यावर कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होत्या. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हा वाद मिटवला. वाहनाचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल, तर एलएमव्ही लायसन्सवर प्रवासी वाहनही चालवता येतं. 'ट्रान्सपोर्ट'ची वेगळी नोंद लागत नाही.

म्हणजे सीट किती, हा प्रश्नच नाही. वजन किती, हा आहे. तेही रिकाम्या गाडीचं नाही, तर प्रवासी आणि सामान धरून ठरलेलं कमाल वजन. आरसीवर ते लिहिलेलं असतं. गाडी बुक करताना ते कुणी बघत नाही, हा भाग वेगळा.

आकडा ७,५०० च्या वर गेला की मात्र लायसन्समध्ये नवा वर्ग जोडावाच लागतो. त्यासाठी वय किमान २० आणि एलएमव्ही लायसन्स वर्षभर जुनं हवं. मग मेडिकल सर्टिफिकेट, लर्निंग लायसन्स, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र आणि आरटीओची टेस्ट. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली.

परमिट आणि फिटनेसच्या अटी मात्र तशाच आहेत. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने फिरवली, तर लायसन्स बरोबर असूनही विमा अडकू शकतो.