निम्म्यात मिटवा, गुरुजी!

आपल्याकडं वेग जास्त झाल्याचं चलान मोबाईलवर आलं, की माणूस पहिल्यांदा काय करतो? वेग खरंच जास्त होता का, हे आठवून बघतो? छे! तो ओळखीच्या माणसाला फोन लावतो. कुणाचा साडू पोलिसात असतो, कुणाच्या पुतण्याचा मित्र आर.टी.ओ.च्या बाहेर टेबल टाकून बसलेला असतो. तिथं काही जमलं नाही तर सगळ्यांच्या तोंडी एकच मंत्र : "भरायचं नाही. राहू द्यायचं. लोकअदालतीत निम्म्यात मिटतं."

या मंत्राविरुद्ध मला आज लिहायचं आहे. लेख थोडा तिखट होईल. घरची मंडळीही हा ब्लॉग वाचतात हे ठाऊक असूनच लिहितोय, त्यामुळे मागाहून फोन करून "नाव नाही घेतलं तरी कळलं हो कुणाबद्दल आहे" असं सांगायची तसदी कुणी घेऊ नये.

तर मूळ हकिकत अशी. आमच्याकडं एक गाडी आहे. ती माझ्या नावावर आहे, पण मी आता फार तर कर्जतपर्यंत चालवतो. बाकी घरातले तिघं-चौघं लागेल तशी नेतात. गेल्या दिवाळीनंतर माझ्या मोबाईलवर पाठोपाठ दोन चलानं आली, दोन्ही वेगाचीच. पहिलं मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचं. तिथं सपाटीला मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आमची गाडी १२१ ला होती. फोटोत गाडी आमचीच, नंबर आमचाच, तारीख वेळ सगळं जुळतं. गाडी त्या दिवशी भाच्याकडं होती. त्याला विचारलं तर तो हसत म्हणाला, "मामा, तिथं सगळेच एकशेवीसनं जातात. तुम्ही भरू बिरू नका, पुढच्या लोकअदालतीत हजारात मिटवून टाकू."

दंड दोन हजार रुपये. भाचा पुण्यात नोकरीला, पगार माझ्या पेन्शनच्या तिप्पट. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हताच. दंड पूर्ण भरला तर आपण बावळट ठरतो, हा खरा प्रश्न होता!

आता ही बावळट ठरण्याची भीती कुठून आली ते बघा. पूर्वी हवालदार शिट्टी मारून थांबवायचा. "पावती फाडू का?" हा त्याचा प्रश्न, आणि पावती न फाडता पावतीच्या निम्म्यात सुटका, हे त्याचं उत्तर. याला आपण तोडपाणी म्हणत होतो. पुढं २०१९ पासून राज्यभर ई-चलान आलं, कॅमेरे आले. कॅमेऱ्याला चिरीमिरी देता येत नाही. मला वाटलं, चला, निदान हा एक रोग गेला. कसला जातोय! निम्म्याचा भाव तसाच राहिला, फक्त दुकान हललं. पूर्वी झाडाखाली व्हायचं ते आता न्यायालयाच्या आवारात, शिक्क्यासहित व्हावं अशी आपली अपेक्षा आहे.

लोकअदालतीबद्दल माझ्या मनात काही वावगं नाही, उलट आदर आहे. १९८७ च्या कायद्यानं ती उभी राहिली. बांधाचे वाद, बँकेचं थकलेलं कर्ज, भावाभावांची वाटणी, असली वर्षानुवर्षं कुजणारी प्रकरणं तिथं एका दिवसात सामोपचारानं मिटतात. निवाड्यावर अपील नाही, म्हणजे भांडण खरंच संपतं. आमच्या कर्जत तालुक्यात बांधावरून दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. तडजोड म्हणजे दोन्ही बाजूंचं थोडं खरं असतं, दोघांनी एकेक पाऊल मागं घ्यायचं. पण १२१ च्या वेगात दुसरी बाजू कुठली? आपण कोणतं पाऊल मागं घेतलं? आणि दंड निम्मा होतो असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. काही ठिकाणी, काही वेळा सवलत मिळाली, तेवढ्यावरून लोकांनी तो आपला हक्कच धरला.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. लोकअदालतीत मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावेही मिटवले जातात. म्हणजे एका टेबलाशी एखादी बाई बसलेली असते, नवरा रस्त्यावर गेला, विमा कंपनी किती लाख देणार यावर वकील बोलतायत, आणि ती मान खाली घालून आकडा ऐकतेय. त्याच दिवशी, त्याच आवारात दुसऱ्या टेबलाशी आपला भाचा दोन हजारांचे हजार करा म्हणून उभा! मला हे चित्र सहन होत नाही. भाच्याला मी हे असंच सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही फार ताणता." ताणतो बुवा!

ताणायला कारण आहे. आमचं मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावरचं गाव. मी शाळेत होतो तेव्हा अर्धी पोरं रस्ता ओलांडून यायची. शाळा सुटताना आम्ही दोघं-तिघं शिक्षक पाळीपाळीनं रस्त्यावर उभे राहायचो, एका हातात छडी नि दुसरा हात आडवा. सातवीतली एक मुलगी रविवारी, शाळा नसताना, बाजारातून घरी जाताना गेली. गाडीवाला पळून गेला नाही, सज्जन माणूस होता, रडत होता, आणि सारखं एकच म्हणत होता की मी फार जोरात नव्हतो हो. त्याला खरंच तसं वाटत असणार. गाडीत बसलेल्याला वेग कळतच नाही. ताशी ६० नं जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ८० नं जाणारी २२ मीटर. ब्रेकवर पाय पडायलाच सेकंदभर जातो. पुढं गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे ६० चे ८० केले की ते पाऊणपट जास्त. आणि वाचतं किती? दहा किलोमीटरमागं अडीच मिनिटं. मी मराठीचा शिक्षक, गणिताच्या सरांकडून हे तपासून घेतलं आहे.

केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७१ टक्क्यांहून अधिक जास्त वेगाच्या अपघातांत. एकट्या महाराष्ट्रात १५,२२४. ही संख्या वाचताना आपण लगेच ट्रकवाल्यांना नि टँकरवाल्यांना शिव्या देतो. आपली एकशेवीस मात्र "सगळेच जातात" या खात्यात.

या सगळ्यात सरकारलाही मी सोडणार नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा कडक झाला, सप्टेंबरपासून वाढीव दंड लागू व्हायचा होता. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर. त्यावेळचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी गडकरींना पत्र लिहून फेरविचार करा म्हटलं, आणि राज्यात नवे दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. (गडकरींचं मात्र एक मला आवडलं. त्याच दिवसांत त्यांनी जाहीर सांगितलं की वांद्रे-वरळी सागरी सेतूवर जास्त वेगाबद्दल मलाही दंड झाला आणि मी तो भरला.) शेजारी तर सेल लागल्यासारखी परिस्थिती. तेलंगणात २०२२ च्या मार्चमध्ये दुचाकीच्या थकलेल्या दंडावर ७५ टक्के सूट. कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी माफी, लोकांनी रांगा लावल्या, आणि २०२५ मध्ये पुन्हा तेच. तिजोरीत पैसे आले म्हणून सगळे खूश. पण ज्यानं वेळेवर पूर्ण भरले त्याला काय सांगायचं? वर्गात गृहपाठ वेळेवर आणणाऱ्या पोरासमोर, महिनाभर न आणणाऱ्याला "अर्धाच दाखव, चालेल" म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून कुणीच आणत नाही. छत्तीस वर्षं शिकवलंय, एवढं कळतं.

दोन हजार सगळ्यांना सारखेच, यातही अन्याय आहे, हे मान्य. भाच्याला ते एका जेवणाचं बिल, आणि उसाच्या हंगामात मुकादमाची उचल फेडणाऱ्याला पंधरवड्याचा किराणा. फिनलंडमध्ये दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या आलांड बेटांवर एका कोट्यधीशाला ५० च्या जागी ८२ नं गेल्याबद्दल १,२१,००० युरो, म्हणजे आपले कोटभर रुपये भरावे लागले. आपल्याकडं असं काही झालं तर माझा पाठिंबा आहे. पण आज सवलतीची वाट बघत बसतो तो काही उचल फेडणारा नाही. त्याला रस्त्यातच गाडी अडवून पहिली थकबाकी भर म्हणतात. वाट बघण्याची चैन आपल्यासारख्यांना परवडते.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, कॅमेरे काय देवाचे आहेत का? चुकीची चलानं येत नाहीत? येतात की! जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी याच ई-चलानावरून संप केला आणि त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. पोलिसांनी स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढून चलानं करू नयेत, असं त्याच सुमारास वरिष्ठांना बजावावं लागलं. केंद्रानं ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केले, त्यात स्पष्ट आहे की वेग मोजणाऱ्या यंत्राला दर वर्षी प्रमाणपत्र हवं, कॅमेरा आहे असा फलक आधी लावलेला हवा, नोटिशीत नंबर दिसणारा फोटो, यंत्रानं मोजलेला वेग, ठिकाण आणि वेळ हवी. हे नसेल तर भांडा. जरूर भांडा! लेखी भांडा, कोर्टात उभे राहा. पण चलान खोटं आहे असं म्हणणारा माणूस निम्मे पैसे तरी का देतो? खोटं असेल तर एक रुपया देऊ नये, खरं असेल तर पूर्ण द्यावेत. निम्मे देणारा नेमकं काय कबूल करतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आमच्या दुसऱ्या चलानाची गोष्ट अशीच आहे. ते शेजारच्या जिल्ह्यातलं, ताशी ९४ वेगाचं. फोटो मोठा करून बघितला तर गाडी पांढरीच, पण कंपनी वेगळी, आणि नंबरातला शेवटचा आकडा ३ आहे, तो यंत्रानं किंवा माणसानं ८ वाचला. आमची गाडी त्या दिवशी गावातल्या गॅरेजमध्ये क्लच बदलायला लावलेली, मिस्त्रीची पावती माझ्याजवळ आहे. भाच्याचा सल्ला इथंही तोच. दोन्ही मिळून एकदमच मिटवू, चार हजारांचे दोन. म्हणजे केलेला गुन्हा नि न केलेला गुन्हा एकाच भावानं!

मी पहिल्या चलानाचे दोन हजार त्याच आठवड्यात भरले आणि भाच्याकडून वसूल केले. कायद्यातही, गाडी कोण चालवत होतं असं विचारलं तर मालकानं सांगायचं असतं, कलम १३३. मला कुणी विचारलं नाही, पण मी घरात तरी विचारलं. त्यावरून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, दोन हजारांसाठी पोराकडून पैसे मागितलेस? लहानपणी तुझ्या सायकलवर डबल सीट फिरायचा तो." तिला म्हटलं, तेव्हाही उतारावर ब्रेक दाबायला शिकवलंच होतं की. ती अजून नीट बोलत नाही. संक्रांतीला येईल तेव्हा बघू.

दुसऱ्या चलानाची तक्रार महाट्रॅफिकच्या ॲपवर टाकली. नातीनं बसून गाडीचा फोटो, आर.सी. आणि गॅरेजची पावती जोडून दिली. एकदा "तक्रार निकाली काढली" असा संदेश आला आणि दंड तसाच, कारण काही नाही. म्हणून आता सगळ्या कागदांच्या झेरॉक्स जोडून रजिस्टर पोस्टानं अर्ज धाडला आहे, पोचपावती आली आहे. लोकअदालतीची नोटीस आली तर जाईन, आणि तडजोड मान्य नाही असं लेखी देऊन येईन. पुढं कोर्टात जावं लागलं तर तेही करू, पेन्शनर माणसाला वेळेची कमतरता नाही. काय होतं ते इथं लिहीनच. कुणाला असाच चुकलेल्या नंबराचा अनुभव आला असेल आणि अर्ज मान्य झाला असेल, तर अर्जात काय लिहिलं होतं ते खाली जरूर कळवा.