पगार चढतो, खुर्ची हलत नाही

सकाळी आठच्या सुमाराला पुण्याच्या मंडईत विक्रेते गाळ्यावर उंच बसलेले असतात आणि गिऱ्हाईक मान वर करून भाव विचारतं. ज्या कट्ट्यावर सासू बसायची, तिथेच आता सून मेथीच्या जुड्यांवर पाणी मारते. बढतीचा इथे प्रश्नच येत नाही. गाळा घरचा, तोटाही घरचा.

नोकरीत मात्र तो प्रश्न येतोच, आणि त्यावरून झालेल्या एका जुन्या भांडणाचा साक्षीदार मंडईच्या दारातच उभा आहे. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला लोकमान्य टिळकांचा हा पुतळा. टिळक ज्यात होते, त्या १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी वीस वर्षं शिकवायचं आणि सर्वांनी सारखाच पगार घ्यायचा, असा दंडक होता. शिडीच नको, म्हणजे कुणी वर चढणार नाही! सहा वर्षांत पगारवाढ आणि बाहेरची कमाई यांवरून वाद विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. त्यागाच्या पायावर उभ्या राहिलेल्या संस्थेलाही पगाराचा प्रश्न चुकला नाही.

आज प्राध्यापकांची शिडी तरी स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापक दहाव्या वेतनस्तरावर, ५७,७०० रुपये मूळ वेतनावर रुजू होतो. पुढे अकरा, बारा, मग सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक आणि पंधराव्या स्तरावर वरिष्ठ प्राध्यापक. वर जाण्यासाठी कागदांचे ढीग लागतात, पण पायऱ्या मोजता येतात.

गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात किंवा शहरातल्या कुठल्याही महाविद्यालयात उरलेल्या मंडळींना आपण ‘शिक्षकेतर’ म्हणतो. म्हणजे ते कोण आहेत हे नाही, कोण नाहीत तेवढंच सांगतो. प्रात्यक्षिकाआधी वीस ब्युरेटी धुऊन, द्रावणं करून, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवणारा प्रयोगशाळा परिचर यातच येतो. कोणतं उपकरण कुठे अडतं, हे त्याला विभागप्रमुखाआधी कळतं. या माहितीची नोंद त्याच्या सेवापुस्तकात होत नाही.

कार्यालयात कनिष्ठ सहायक, वरिष्ठ सहायक, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव अशी उतरंड आहे. पण वर जागा थोड्या, रांग लांब. कुलसचिवपद तर जाहिरात देऊन, निवड समितीमार्फत पाच वर्षांसाठी भरलं जातं आणि त्यासाठी अनुभवी प्राध्यापकही पात्र ठरतात. यावर तोडगा म्हणून आश्वासित प्रगती योजना आली: पद रिकामं नसेल, तर ठरावीक वर्षांनी निदान वरची वेतनश्रेणी द्यायची. तीही सुखाने मिळाली नाही; मध्येच थांबवली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरच्या शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घालून संप केला. ही योजना पूर्ववत करावी आणि दहा-वीस-तीस वर्षांचे लाभ लागू करावेत, या त्यांच्या प्रमुख मागण्यांपैकी होत्या.

मागणी रास्तच होती. पण खोट योजनेतच आहे. पगार वरचा, काम कालचंच, टेबलही तेच. वरच्या श्रेणीचे पैसे सरकार मोजणारच असेल, तर त्यासोबत वरचं पदनाम आणि वरची जबाबदारी द्यायला अडचण कसली? अनुभवी परिचराकडे नव्यांचं प्रशिक्षण सोपवता येईल, मुरलेल्या लिपिकाकडे परीक्षा विभागातला एखादा निर्णय. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी २००४ च्या करारानंतर शिकवणारे आणि न शिकवणारे एकाच ५१ टप्प्यांच्या वेतनरेषेवर आणले. तिथेही संप होतात. पण प्रत्येक कामाचं मोल एकाच मापाने ठरवण्याचा प्रयत्न तरी झाला.

तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला यातलं काहीच नाही. सेट झालेला, पीएच.डी. असलेला हा माणूस तासांवर पैसे घेतो आणि सुट्टीत कोरडा राहतो. मंडई परिसरात पोती वाहणाऱ्या नोंदीत हमालाला मात्र १९६९ च्या माथाडी कायद्याने भविष्यनिर्वाह निधीचा हक्क दिला.

मंडईची इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता; तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आता मंडईला त्यांचं नाव आहे, विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं. आणि त्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांतला परिचर संध्याकाळी सुटल्यावर याच कट्ट्यांसमोर मान वर करून मेथीचा भाव विचारतो.